रूपांतर अडलं म्हणजे फोटो गेले असं नाही

देवास किंवा धारच्या घरात कुणी जुन्या लग्नाची डीव्ही टेप संगणकावर उतरवायला घेतं आणि डिस्क निम्मी रिकामी असूनही जागा नसल्याचा संदेश येतो. डिस्क फॅट३२ या मांडणीची असते. तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहत नाही, आणि तासाभराची टेप १३ जीबीच्या आसपास जाते. मग विंडोजची ‘कन्व्हर्ट’ आज्ञा देऊन तिला ही मर्यादा नसलेल्या एनटीएफएस मांडणीत न्यायला जावं, तर तेही अडतं. घरात एकच ओरड: फोटोंसकट सगळं गेलं!

बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं, कारण काम सुरूच झालेलं नसतं. डिस्कचं नाव विचारल्यावर चुकीचं टाकलं, मोकळी जागा कमी पडली, किंवा डिस्कवर जुन्या चुका आहेत (त्यासाठी आधी ‘चेकडिस्क’ स्लॅश एफ लावून चालवायची), की आज्ञा तिथेच थांबते. डिस्क वापरात असेल तर पुढच्या रीस्टार्टला करू का, असं विचारते. जुन्या विंडोजमध्ये सी ड्राइव्हचं नेहमी तसंच व्हायचं. एक्सफॅट पेनड्राइव्ह तर ती घेतच नाही.

रूपांतरात सगळ्या फाइली उचलून दुसरीकडे नेतात, हाही गैरसमज. मजकूर बहुतांशी जागेवरच राहतो; कोणती फाइल कुठे याची नवी नोंदवही मोकळ्या जागेत तयार होते आणि बूट सेक्टर अगदी शेवटी बदलतो. तोवर जुनी आणि नवी नोंदवही एकाच डिस्कवर नांदतात: एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं, तसा देवासचा जुना कारभार.

खरा धोका वीज जाण्याचा. मधेच गेली तर ड्राइव्ह ‘रॉ’ दिसू शकतो आणि विंडोज विचारतं, फॉरमॅट करू? इथे घाईने ‘हो’ म्हणणारेच जास्त नुकसान करून घेतात. ‘रॉ’ म्हणजे नोंदवही ओळखता आली नाही, एवढंच. त्या डिस्कवर काही लिहू नका, चेकडिस्कही नको. आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्या प्रतिमेवर ‘टेस्टडिस्क’ हे मोफत साधन चालवा.

आणि याच आज्ञेने परत फॅट३२ करता येईल, या भरवशावर राहू नका. विंडोजमध्ये ही वाट एकेरी आहे.

माझं विचाराल तर दुसरी डिस्क हाताशी असताना ‘कन्व्हर्ट’च्या वाटेला जाऊच नये. फाइली तिच्यावर उतरवा, उघडून पाहा, मग जुनी डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून परत भरा.