पान्हा हाताने फुटतो

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत ‘गोकुळ’ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे. कोणती पेंड घालायची, भुस्सा किती, यावर परिसरातल्या गोठ्यांत तासन्‌तास बोलणे होते. धार काढण्याआधी कासेवर फिरणाऱ्या हाताची चर्चा मात्र क्वचितच होते.

रेडकू कासेला दोन-चार ढुसण्या देते. मग त्याला बाजूला बांधून, कोमट पाण्याने कास धुऊन, तळव्याने चोळतात. लोंबणारे सड हळूहळू ताठ होतात, म्हैस पान्हावते. या चोळण्याचा संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूत पोहोचतो आणि पीयूष ग्रंथी ऑक्सिटोसिन रक्तात सोडते. ते कासेत आले की दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध खाली उतरते. गाईच्या कासेत सुमारे 20 टक्के दूध आधीच खालच्या पोकळीत असते. म्हशीच्या कासेत जेमतेम 5 टक्के. त्यामुळे पान्हा न फुटलेल्या म्हशीखाली बसून सड ओढणे व्यर्थ. गाय साधारण मिनिटभरात पान्हावते, म्हशीला दोन मिनिटे किंवा त्याहून जास्त लागतात.

भ्यालेले जनावर पान्हा चोरते, हेही खरेच. अमेरिकेत एली आणि पीटरसन या संशोधकांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून, कागदी पिशव्या फोडून तिला घाबरवले. दूध उतरेना. भीतीने स्रवणारे अॅड्रेनलिन ऑक्सिटोसिनचे काम अडवते, असा त्यांचा 1941 चा निष्कर्ष होता.

हाताने शांत करणे केवळ आपल्याकडचे नाही. चीनमध्ये अंग चोळण्या-दाबण्याची जुनी परंपरा आहे; ती जनावरांवरही वापरतात. ‘तुईना’ म्हणतात तिला. शरीरातल्या वाहिन्यांतून ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, हा तिचा पाया. अशा वाहिन्या शरीररचनाशास्त्राला सापडलेल्या नाहीत. पण स्पर्शाचा परिणाम खोटा नाही. घोडे एकमेकांना जिथे खाजवतात, त्या खांद्याजवळच्या भागावर माणसाने हात चालवला तरी त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे 1993 मध्ये मोजून दाखवले गेले. आपला खरारा त्याच जातीचा.

पान्हा फुटायला लागणाऱ्या दोन मिनिटांचा कंटाळा करून काही जण ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचतात. दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराला त्याच्या आरोग्याला अपायकारक असे काही टोचणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय रोज सुईची सवय लागलेली म्हैस पुढे हाताला दाद देत नाही.

तेव्हा हात स्वच्छ धुवा, कास चोळा, कोरडी पुसा आणि म्हैस पान्हावली की थांबू नका, पाच-सात मिनिटांत धार संपवा. कास गरम, कडक किंवा दुखरी लागली, तर मात्र चोळत बसू नका. दगडीचा, म्हणजे कासदाहाचा, संशय धरून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.