रोही, रब्बी पीक आणि शाळा

दुसरबीड व आसपासच्या गावांत हरभरा घाट्यावर आला, की वरच्या वर्गातील काही मुले पहिल्याच तासाला डुलक्या घेऊ लागतात. अशा मुलास आळशी ठरविण्यापूर्वी तो रात्री कोठे होता, हे शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य विचारावे. पुष्कळदा तो वडिलांसमवेत जागलीस गेलेला असतो, आणि जागल असते ती रोह्यांसाठी.

रोही म्हणजेच नीलगाय. नावात गाय असली तरी हा प्राणी गाय नव्हे, हरिणही नव्हे. तो कुरंग होय. सांबराची फाटेदार शिंगे दरवर्षी गळून नवी येतात. रोह्याची शिंगे आखूड, सरळ व कायमची असून ती नरासच असतात. नर निळसर करडा, मादी तांबूस. हा भेद फळ्यावर काढून दाखविल्यास मुले सहसा विसरत नाहीत.

हा प्राणी घनदाट अरण्यात रमत नाही. झुडपी माळ व गवताळ पडीक जमीन हे त्याचे घर. ती जमीन नांगराखाली गेली, वाघ-लांडग्यांसारखे शिकारी विरळ झाले. मग तूर, हरभरा व सोयाबीन हेच त्याचे कुरण झाले. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 200 किलोग्रॅमच्या वर जाते. साहजिकच कळप खातो त्याहून अधिक कित्येकदा तुडवितो. शेतकऱ्याचा संताप अनाठायी आहे, असे कोणी म्हणू नये.

परंतु त्या संतापात कुंपणाच्या तारेत थेट घरगुती वीज सोडणे हे भयंकर होय. ती तार रोही व माणूस असा भेद करीत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीच तिला चिकटतो, आणि तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाची गोष्ट निराळी. ज्याला आपल्याकडे झटका मशीन म्हणतात, त्यातून क्षणमात्र झटका येतो व लगेच थांबतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र या मशीनला वगळून तार थेट विजेच्या खांबाशी जोडली, तर तीही तितकीच घातक. वरच्या वर्गांत विजेचा पाठ शिकविताना हा फरक आवर्जून सांगावा.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रोह्यास संरक्षण आहे. परवानगीवाचून त्यास मारणे हा गुन्हा आहे. बिहारमध्ये केंद्र शासनाच्या अधिसूचनेनंतर जून 2016 मध्ये मोकामा परिसरात 200 हून अधिक नीलगाई मारण्यात आल्या व त्यावरून देशभर मोठा वाद झाला. पडीक जमीन व शिकारी प्राणी हा मूळ प्रश्न तेथेही तसाच राहिला, असे मला वाटते.

पीकहानीची भरपाई वनविभाग देतो. घटनेपासून 3 दिवसांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्याकडे अर्ज जावा लागतो. नंतर वन, महसूल व कृषी खात्यांचे कर्मचारी पंचनामा करतात. तोवर तुडविलेले पीक काढून टाकू नये. अनेक पालकांचा अर्ज केवळ लिहिणारा न मिळाल्याने राहून जातो. सातवीच्या मुलांकडून अर्जलेखनाचा तास याच विषयावर घ्यावा: गट क्रमांक, पिकाचे नाव, नुकसानीची तारीख, बाधित क्षेत्र आर मध्ये. नमुना मुलाने घरी न्यावा, म्हणजे प्रसंगी वडिलांना तालुक्यास खेप घालावी लागणार नाही.