रॉक मशीन ते इंडस क्रीड

इंडस क्रीड हा मुंबईचा इंग्रजी रॉक बँड १९८४ साली ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झाला. १९९३ मध्ये त्याने नाव बदलले, १९९७ मध्ये तो मोडला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८), ‘द सेकंड कमिंग’ (१९९०), ‘इंडस क्रीड’ (१९९५) आणि ‘इव्हॉल्व्ह’ (२०१२) हे त्याचे चार अल्बम. इतक्या वर्षांच्या मानाने काम थोडेच म्हणायचे. तरी भारतातल्या रॉकचा विषय निघाला की हे नाव घ्यावेच लागते. श्रोत्यांना परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी ऐकायची होती, त्या काळात या मंडळींनी स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला आणि तो बराच काळ निभावला.

मुंबईत गिटारवाले बँड त्याआधीही होते. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या आरंभी ‘सिमला बीट’ ही स्पर्धा एका सिगारेट कंपनीच्या पैशावर चाले. तिच्यातल्या बँडच्या तबकड्या आज संग्राहक शोधत फिरतात. मराठी घरांशी या जगाचा धागा जोडणारा माणूस म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा इंग्रजी रॉक गाता गाता पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त आला आणि मराठी रंगभूमीवर रॉकचा आवाज घेऊन आला. पण ती नाटकाची वाट होती. नाटक, सिनेमा किंवा हॉटेलातली नोकरी यांपैकी कशाचाही टेकू न घेता केवळ आपल्या गाण्यांवर बँड चालवायचा, ही वाट त्या वेळी जवळजवळ नव्हतीच.

अडचणी रोजच्या होत्या. आयातीवर जबर कर असल्याने परदेशी गिटार म्हणजे आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाची मेहरबानी. एरवी कोलकात्याच्या ‘गिव्हसन’ गिटारवर भागवायचे; नामांकित परदेशी नावाची नक्कल करण्याचा हा खोडकरपणा ग्राहकालाही कळत असे. चांगला अँप्लिफायर आणि ध्वनियंत्रणा बहुधा भाड्याने आणावी लागे. कार्यक्रम मिळत ते महाविद्यालयांच्या महोत्सवांत, आणि तिथे समोरचा घोळका डीप पर्पल किंवा लेड झेपलिनचे नाव घेऊन ओरडत असे. ज्याला मूळ तबकडीतला गिटारचा तुकडा चुकीशिवाय वाजवता येई, तो मोठा वादक. शास्त्रीय संगीतात गुरूची बंदिश गिरवणे हा शिक्षणाचा भाग असतो, पण तिथेही कधीतरी स्वतःचे काही मांडावे लागते. रॉकवाल्यांना ती मागणी कुणी करतच नव्हते.

या काळातले मुंबईतले महत्त्वाचे ठिकाण म्हणजे धोबी तलावाजवळचे रंगभवन. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास देशभरातले बँड आणि त्यांचे चाहते या उघड्या नाट्यगृहात जमू लागले. भर पावसाळ्यात उघड्यावर विजेची वाद्ये वाजवण्याचा हा उद्योग वर्षानुवर्षे चालला. पुढे रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनचा आवाज बंद केला. शेजारी सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि कामा रुग्णालय असल्याने नियमाला उत्तर नव्हते. मात्र त्या तोडीची जागा शहराने पुन्हा उभी केली नाही.

रॉक मशीनचा संच हळूहळू ठरत गेला. गिटारवर महेश तिनईकर, बास गिटारवर मार्क सेल्विन, गायनाला उदय बेनेगल, पुढे दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. ड्रमवर आधी मार्क मेनेझेस होते, नंतर बॉबी दुग्गल आले. कोकणी, गुजराती, पारशी, ख्रिस्ती, पंजाबी अशी ही मुंबईची सरमिसळ होती, आणि तिची सामाईक भाषा इंग्रजी. इंग्रजीत गाण्याबद्दल या बँडला पुढे अनेकदा टोकले गेले. पण हिंदीत गाणे हेच त्यांच्यासाठी सोंग ठरले असते.

‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम त्या काळच्या चकचकीत हार्ड रॉकच्या वळणाचा आहे. गिटार आणि कीबोर्डची भरगच्च साथ, उंच पट्टीतले गायन, सगळ्यांनी मिळून म्हणायचे ध्रुपद. आज ऐकताना त्यात अमेरिकी बँडची छाप स्पष्ट दिसते. तरीही गाणी स्वतःची होती आणि कॅसेटवर विकत मिळत होती, एवढ्यानेही पुढच्या बँडना धीर आला. दोन वर्षांनी आलेल्या ‘द सेकंड कमिंग’मध्ये रचना अधिक सुटसुटीत झाल्या.

खरा पालट टीव्हीने घडवला. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टारच्या उपग्रहावरून एमटीव्ही एशिया दिसू लागले. वाहिनीला आशियातले काहीतरी दाखवायचे होते आणि भारतात चित्रफीत तयार असलेले बँड मोजकेच होते. १९९३ मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या वार्षिक पुरस्कारांत आशियाच्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. तोवर नाव बदलले होते. ‘रॉक मशीन’ हे नाव बँडलाच साचेबंद वाटू लागले होते, आणि नव्या नावात सिंधू नदी आली.

या पुरस्काराने मुंबईबाहेरचा श्रोता दिला. नागपूरसारख्या शहरात महाविद्यालयाच्या गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा असे आणि तो हिंदी चित्रपटांतली गाणी वाजवी. इंग्रजी रॉकचा कार्यक्रम हा अपवाद. केबलचालकाने गच्चीवर डिश अँटेना लावला आणि हा बँड घरात आला. गंमत अशी की कंपनीच्या आधाराशिवाय चालणारे संगीत नागपूरला मुळीच नवे नव्हते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटची दुकाने लागत. गीतकार, गायक, छोटा निर्माता आणि फुटपाथवरचा विक्रेता अशी ती साखळी होती, आणि चित्रपटसृष्टीला न विचारता ती चाले. इंग्रजी रॉकला असा स्वतःचा बाजार कधी मिळाला नाही. त्याचे श्रोते उत्साही होते, पण विखुरलेले आणि थोडे.

१९९५ चा ‘इंडस क्रीड’ हा अल्बम त्यांच्या पहिल्या पर्वातला सर्वात जमलेला. अमेरिकेत निर्वाणा आणि पर्ल जॅम यांनी १९९१ मध्ये रॉकचा झगमगाट उतरवून टाकला होता, त्याचा परिणाम इथेही पोचला. आवाजातला तोरा कमी झाला, शब्द अंतर्मुख झाले, मांडणीत भारतीय लयीला जागा मिळाली. पण त्याच वर्षी अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ आले आणि कॅसेट कंपन्यांना हिंदी पॉपमध्ये पैसा दिसला. १९९४ मध्ये एमटीव्हीची जागा घेणारी चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये परतलेली एमटीव्ही या दोन्ही वाहिन्या हिंदीकडे वळल्या. मराठीतही दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे यांच्या ‘गारवा’ने हीच लाट आणली. ज्या टीव्हीने इंडस क्रीडला वर चढवले, त्यानेच त्याला बाजूला सारले. तसेही रॉकवर घर चालत नव्हते. मुंबईतले बहुतेक वादक जाहिरातींच्या जिंगलवर आणि स्टुडिओतल्या कामावर जगत. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा भारतीय सुरावटींकडे झुकणारा बँड काढला.

मधल्या तेरा वर्षांत परिस्थिती बदलली. पेंटाग्राम आणि झीरो या मुंबईच्या बँडनी स्वतःची गाणी हाच नियम केला. पेंटाग्राम २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवातही वाजला. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडले. गिरण्या बंद पडलेल्या गिरणगावात तिकीट काढून स्वतंत्र बँड ऐकण्याची सोय झाली, हा इतिहासाचा कडवट विनोदच. २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच ७ वीकेंडर’ सुरू झाला. त्याच वर्षी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बाससाठी रुशाद मिस्त्री आणि ड्रमसाठी जय रो कवी हे त्यांच्याहून तरुण वादक घेतले गेले.

‘इव्हॉल्व्ह’ २०१२ मध्ये आला. त्याचे मिश्रण टिम पामर यांनी केले. पर्ल जॅमचा पहिला अल्बम ‘टेन’ याचे मिश्रणही त्यांचेच. यातली गाणी लांब, वळणे घेणारी आणि संथ चढणारी आहेत. रेडिओवर वाजेल असे ध्रुपद शोधण्याची घाई त्यांत नाही, आणि बेनेगल यांचा आवाज खालच्या पट्टीत अधिक भरदार लागतो. समोरच्या गर्दीला आता परकी गाणी नको होती. जुने चाहते मात्र ‘प्रिटी चाइल्ड’ मागत असत.