श्वास मोजा, मग औषध मागा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास एक आजी दहा महिन्यांच्या नातवाला पदराखाली घेऊन दवाखान्यात आल्या. पोराची छाती भात्यासारखी चालली होती. श्वास मोजले, मिनिटाला ६८!

"आजी, कधीपासून?"

"तीन दिवस झाले, डॉक्टर. पण औषध चालू आहे की." त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. तळाशी दोन चमचे औषध उरलेले. दोन महिन्यांपूर्वी थोरल्या नातवाच्या सर्दीसाठी मीच ते लिहून दिले होते.

पोर वाचले, पण त्याला मोठ्या रुग्णालयात चार दिवस काढावे लागले. थोरल्याच्या सर्दीला त्या औषधाची गरज नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. बाहेर गर्दी होती, आई "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणत होती, आणि मी लिहून मोकळा झालो.

सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. ती विनाकारण घेतली की शरीरातले दुबळे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. मग खऱ्या गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही. शिवाय पाणी घालून तयार केलेले पातळ औषध फार दिवस टिकत नाही. आजींनी दिलेल्या औषधात किती दम उरला असेल?

मग औषधाची गरज कोणाला आहे, हे एक्स-रे नसलेल्या खेड्यात ओळखायचे कसे? याचे एक उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना आणि सुइणींना श्वास मोजून मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. आकडेमोड न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचे साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिट मोजायला वाळूचे घड्याळ. न्यूमोनिया ठरला तरच को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध द्यायचे.

१९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले. अशा उपचारांच्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण होते ०.८ टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. औषध साधेच होते, पण ते योग्य मुलाला वेळेवर मिळाले. आज त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटना ॲमॉक्सिसिलिन सुचवते, मात्र श्वास मोजण्याची रीत तीच आहे.

वाचकहो, ही रीत घरीही जमते. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातले वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. खोकला असून पुढीलप्रमाणे श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

दोन महिन्यांच्या आत – ६० किंवा अधिक (थेट रुग्णालयात न्या)
दोन महिने ते एक वर्ष – ५० किंवा अधिक
एक ते पाच वर्षे – ४० किंवा अधिक

छाती आत ओढली जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, गुंगीत असेल किंवा झटके आले असतील, तर मोजत बसू नका, रात्र असली तरी निघा.

डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच, तर सांगितलेले सगळे दिवस द्या. उरलेली बाटली दुसऱ्या मुलासाठी ठेवू नका.

आता मी सर्दीच्या पोराचे श्वास आईसमोरच मोजतो आणि अनेकदा प्रतिजैविकाविना घरी पाठवतो. काही जणी नाराज होऊन जातात. त्या आजी परवा नातवाला घेऊन आल्या होत्या. खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या, "मोजून आणलंय, डॉक्टर. छत्तीस आहेत. औषध नका देऊ."