'श्यामची आई' किती बाइट्सची?

लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर मराठी पुस्तकाचं नाव टाकलं की कधी कधी 'नॉट फाउंड' येतं, आणि पुस्तक मात्र समोरच्या कपाटात बसलेलं असतं! दरवेळी यात लायब्ररीवाल्या सरांचा दोष नसतो. कित्येकदा जुन्या नोंदी वाचणारा प्रोग्रॅमच गडबड करतो.

या नोंदी बहुधा मार्क नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्राम यांनी तो उभा केला. तो जमाना मॅग्नेटिक टेपचा, म्हणून सगळा मजकूर सलग, मध्ये एकही एन्टर नाही.

रेकॉर्डची पहिली २४ अक्षरं म्हणजे लीडर. त्यानंतर येते डिरेक्टरी, म्हणजे आपला रेल्वेचा रिझर्व्हेशन चार्टच समजा. प्रत्येक फील्डला १२ अक्षरं: ३ टॅगची, ४ लांबीची, ५ सुरुवात कुठे ते सांगणारी. टॅग १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे पुस्तकाचं नाव.

आता खरी गंमत. यूटीएफ-८ मध्ये ही लांबी बाइट्समध्ये मोजतात, अक्षरांत नाही. इंग्रजी अक्षर १ बाइटचं, देवनागरी चिन्ह ३ बाइट्सचं. 'श्या' म्हणजे श, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं. (मी कॉन्व्हेंटची, जोडाक्षर नीट फोडायला मला कॉम्प्युटरनेच शिकवलं!) 'श्यामची आई' मध्ये स्पेस धरून १० चिन्हं होतात, पण बाइट्स २८. ज्याने अख्खी फाइल आधी टेक्स्ट करून मग अक्षरं मोजत कापली, त्याचं पुढचं प्रत्येक फील्ड १८ जागा सरकलं. प्रकाशकाचं नाव अर्धवट, नाहीतर गायबच. एरर येईलच असं नाही, कचरा गुपचूप सेव्ह होतो. टेस्टिंग इंग्रजी पुस्तकांवर केलं तर सगळं ओके दिसतं. मग नवीन सॉफ्टवेअर बसतं, जुनी फाइल फेकली जाते, आणि मराठी पुस्तकं कपाटात असूनही सर्चमधून हरवतात.

उपाय सोपा आहे. फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, बाइट्स मोजून कापा, आणि मगच एकेक फील्ड डीकोड करा. पायथॉनमधलं पायमार्क हे काम करतं. तरी लीडरचं दहावं अक्षर बघाच: तिथे 'ए' असेल तर युनिकोड, रिकामं असेल तर जुनं मार्क-८, ज्यात देवनागरी नव्हतीच. काही फाइल्स इथेही चक्क खोटं बोलतात, आत युनिकोड आणि जागा रिकामी. असे रेकॉर्ड गाळून टाकू नका. वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि कपाटातलं पुस्तक हातात घेऊन एकेक जुळवा.