तेरा रुपयांची फेरी

मराठी वाचकाला माणदेश ठाऊक झाला तो माडगूळकरांमुळे आणि दुष्काळामुळे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा. पाऊस झाला तर झाला, नाहीतर मेंढरं घेऊन मुलूख सोडायचा. त्यातलं म्हसवड हे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, सिद्धनाथाच्या यात्रेचं गाव. तिथे १९९७ मध्ये बायकांनी बायकांसाठी बँक काढली: माणदेशी महिला सहकारी बँक.

सुरुवात एका लोहारकाम करणाऱ्या बाईपासून झाली. रस्त्याकडेला पाल टाकून राहायची, आणि पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. कर्ज नको होतं, फक्त खातं. एवढ्या किरकोळ रकमेसाठी बँका तिला दारात उभं करेनात. चळवळीतून आलेल्या, लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झालेल्या मुंबईकर चेतना गाला सिन्हा यांच्याकडे ही तक्रार आली आणि त्यांनी बँकच काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका साक्षरता वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती, पण हिशेब येतो, असं त्यांनी साहेबांना सुनावलं. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला लावा आणि बघा कोण आधी सांगतं. परवाना मिळाला.

ही गोष्ट चेतनाताईंनी जगभरच्या व्यासपीठांवर सांगितली आहे आणि ती रंगतेही छान. मात्र परवाना मिळाल्यानंतरच्या कामाला इतकी दाद मिळत नाही. ते काम चालण्याचं आहे. बाजारात बसलेली भाजीवाली टोपली सोडून शाखेत येणार नाही, म्हणून बँकेचं माणूस तिच्यापाशी जातं. देशभरच्या मंड्यांत सकाळी नऊशे हातात घ्यायचे आणि संध्याकाळी हजार परत करायचे, असा सावकारी व्यवहार चालतो. त्याच्याशी टक्कर द्यायची तर सावकाराइतकंच जवळ जाऊन बसावं लागतं.

या जवळ जाण्याचा खर्च एका कल्पित हिशेबावरून कळतो. समजा, दहा हजारांचं कर्ज, वर्षाला वीस टक्के, परतफेड दर आठवड्याला. हप्त्यांमुळे वर्षभरात सरासरी पाच हजारच बाहेर राहतात, म्हणजे व्याज येतं सुमारे हजार रुपये. हेच पाच हजार ठेवीदारांकडून सात टक्क्यांनी घेतलेले असतील तर साडेतीनशे तिकडे जातात. उरले साडेसहाशे. वर्षाच्या पन्नास फेऱ्या धरल्या तर एका फेरीला तेरा रुपये. त्यात पेट्रोल, पगार, पावतीयंत्र, संगणकप्रणाली, हिशेबतपासनीस आणि बुडीत कर्जाची तरतूद, सगळं बसवायचं. एका फेरीत वीस-तीस बायका भेटल्या तरच जमतं. लाखाच्या कर्जाला हीच फेरी दहापट परवडते, म्हणून मोठ्या बँका लहान कर्जाकडे पाठ फिरवतात.

संस्था वाढवायची तर कर्जासाठी पैसा जमवायचा, असं मदत करू पाहणाऱ्याला वाटतं. मला ते अर्धवट वाटतं. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात पैशाची चणचण नव्हती. एकाच घरावर चार-चार सूक्ष्मकर्ज कंपन्यांची कर्जं चढली, वसुलीची दांडगाई झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. पैसा वेगाने वाढला, पण कर्जदाराचं घर ओळखणारी माणसं त्या वेगाने वाढली नाहीत.

म्हसवडला कामाचे दोन भाग आहेत. बँक ठेवी आणि भागभांडवलावर चालते. देणग्या घेतं ते माणदेशी फाउंडेशन, १९९६ पासूनचं. उद्योगिनी ही बायकांची व्यवसायशाळा २००६ मध्ये फाउंडेशननेच सुरू केली आणि पुढे बसमध्ये घालून गावोगाव नेली. रेडिओ केंद्रही त्यांचंच. २०१२-१३ च्या दुष्काळात चाऱ्यापायी बायका सोनं गहाण टाकू लागल्या, तेव्हा फाउंडेशनने म्हसवडला छावणी उघडली आणि हजारो जनावरं सांभाळली. असला खर्च कुठल्याही व्याजातून निघत नाही.

तरी देणगीदाराला शेळी, शिलाई मशीन, मिरची कांडप यंत्र असं दिसणारं काहीतरी हवं असतं. बसच्या डिझेलवर कुणी आईवडिलांच्या नावाची पाटी लावत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा हिशेबही वर्षापुरताच चालतो. कायद्याने चालू प्रकल्पाला, सुरुवातीचं वर्ष सोडून, आणखी तीन वर्षं मिळतात, पण मार्चअखेरच्या घाईत त्याचा विचार कमीच होतो. चांगली प्रशिक्षिका तयार व्हायला वेळ लागतो. तिचा पगार वर्षावर्षाने मागावा लागला, तर ती शिकून दुसरीकडे जाते. म्हणून कुठल्याही एका कामाला न बांधलेली, तीन वर्षं खात्रीने येणारी लहान देणगी मला एकदाच आलेल्या मोठ्या धनादेशापेक्षा मोलाची वाटते. प्राप्तिकरातली देणगीची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

परदेशातल्या मराठी मंडळींनी पासपोर्ट बघावा. भारतीय नागरिकाने तिकडच्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते. मग संस्थेकडे त्याची नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा निधीतला जास्तीत जास्त वीस टक्के भाग प्रशासकीय खर्चाला वापरता येतो. आधी पन्नास होता. कार्यालयाचा कणा उभा करायला म्हणूनच देशातला पैसा जास्त कामाचा.

देणगी द्यायची नसेल तर ठेव ठेवता येते. महिला सहकारी बँकेतली ठेव हे दान नव्हे. व्याज मिळतं आणि त्याच पैशातून कर्ज जातं. सहकारी बँक म्हटलं की २०१९ मध्ये अडकलेल्या ठेवी आठवून पुण्या-मुंबईचा माणूस दचकतो, ते साहजिक आहे. पण फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याची मर्यादा एका लाखावरून पाच लाख झाली, मुद्दल आणि व्याज धरून. त्या मर्यादेत राहावं, ताळेबंद आधी वाचावा.

अंगी कसब असेल तर तेही द्यावं, पण संस्थेला विचारून. मसाल्याच्या पुडीवरचं लेबल, अन्नपरवान्याचा अर्ज, जीएसटीचं विवरणपत्र अशा कामांत बायका अडतात. दोन दिवस येऊन भाषण देणारे पुष्कळ असतात. दर महिन्याला एका उद्योजिकेची वही तपासणारा सनदी लेखापाल दुर्मीळ.

तेव्हा तुमच्या जिल्ह्यातल्या अशा संस्थेला पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा किती कर्जं वाटली हे विचारू नका. वसुलीला आणि शिकवायला किती माणसं आहेत, त्यांचा पगार कुठून येतो, आणि पुढच्या वर्षी तो कमी पडणार आहे का, एवढं विचारा. पडणार असेल तर तेवढा भाग उचला.