बॅटला चेंडू लागला, आता पळायचे की थांबायचे? समजून घ्या बेसबॉलच्या फटक्यांची भाषा

बुलढाणा : शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळले जातात. जिल्ह्यात जिंकलेला संघ अमरावती विभागात आणि तिथून राज्य स्पर्धेत जातो. पात्र कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. मैदानात उतरणारी बरीच मुले मात्र क्रिकेटवर वाढलेली असतात. क्रिकेटमध्ये फटका मारून जागीच उभे राहता येते. इथे चेंडू फेअर असेल तर फलंदाजाला पळावेच लागते. आधीच बेसवर असलेल्याने काय करायचे, हे चेंडू कसा गेला त्यावर ठरते.

फेअर की फाउल?
होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेषांमध्ये ९० अंशांचा कोन असतो. आतला चेंडू फेअर, बाहेरचा फाउल. रेषेवर पडलेला फेअर. क्रिकेटमध्ये चौकार देणारा लेट कट इथे फाउल ठरतो. हवेतला फाउल झेलला तर फलंदाज बाद.

फटक्यांचे प्रकार
अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये चेंडू बॅटवरून किती अंशांत उडाला, यावर वर्गवारी होते.

• ग्राउंड बॉल (१० अंशांपेक्षा कमी) : जमिनीलगत जाणारा. मागून धावपटू येत असेल तर बेस सोडावाच लागतो.
• लाइन ड्राइव्ह (१० ते २५) : सरळ, सुसाट. झेल झाला आणि धावपटू पुढे गेलेला असेल, तर एकाच चेंडूवर दोघे बाद होऊ शकतात.
• फ्लाय बॉल (२५ ते ५०) : उंच आणि लांब. झेल होताच बेसला पाय लावून पुढे पळता येते. याला टॅग अप म्हणतात.
• पॉप अप (५० पेक्षा जास्त) : उंच, पण जवळच पडणारा.
• बंट : बॅट न फिरवता चेंडू हलकेच पुढ्यात टाकणे. दोन स्ट्राइकनंतर बंट फाउल गेला तर फलंदाज बाद.

गोंधळ कुठे होतो?
पहिल्या व दुसऱ्या किंवा तिन्ही बेसवर धावपटू आहेत, दोनपेक्षा कमी बाद आहेत आणि इनफिल्डमधल्या खेळाडूला सहज झेलता येईल असा उंच चेंडू उडाला, तर पंच ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारतात. चेंडू फेअर असेल तर झेल सुटला तरी फलंदाज बाद! क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोघांना बाद करू नये, यासाठी हा नियम आहे. अशा वेळी धावपटूवर पळण्याची सक्ती नसते. घाबरून पळाला, तर तोही बाद होऊ शकतो.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही खेळ परतत आहेत.